ओठ हलले म्हणून

आमची धम्मदीपा भांडकुदळ आहे. मी तिचा सख्खा मामा असून हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामानं भाचीचे गोडवे गायले असं कोणी म्हणायला नको. गोडवे गाण्यासारखी ती पोरगी नाहीच. शाळेत होती तेव्हा किन्हीराजाच्या फाट्यावर गाडी थांबत नाही म्हणून दप्तर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली होती. त्या गाडीवर कंडक्टर मी नव्हतो, पण डेपोत सगळ्यांनी मलाच धरलं. "धम्मपाल, हे तुहीच भाची काय बे?" मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार, जीभ माझ्यावरच गेली आहे तिची.

मी एसटीतून निवृत्त होऊन रिसोडला राहतो. धाकटी बहीण बेबी किन्हीराजाला दिली. जावई जानराव थोडी शेती करतात आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या शेतात जातात. धम्मदीपा त्यांची थोरली. वाशिमच्या कॉलेजात तिनं कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि मग जे सगळ्यांचं होतं तेच तिचं झालं. इकडे अर्ज, तिकडे अर्ज, आणि लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारणारच, "मंग, काय करून राह्यली सध्या?" त्यावर ती जी उत्तरं द्यायची ती लिहिण्यासारखी नाहीत.

अखेर वाशिमच्या नोकरी मेळाव्यात पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडलं, पण अट घालून. दिवाळीच्या आत क्लाउडची पहिल्या पायरीची परीक्षा पास व्हायची. झाली तर नोकरी, नाही तर नमस्कार. एका खेपेची फी कंपनी भरणार, दुसऱ्यांदा बसायचं झालं तर तुमचं तुम्ही बघा. किन्हीराजात त्यांच्या घरी नेट धड चालत नाही, म्हणून आषाढात ती बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"मामा, दिवाळीपर्यंत इथंच राहीन. जमत नसन तं आत्ताच सांगा."

ही तिची विनंती. बायको लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलेली, घरात मी एकटा. म्हटलं राहा, पण भाकरी तू करायची. ती म्हणाली, एक दिवस मी, एक दिवस तुम्ही.

क्लाउड म्हणजे काय ते मला तिच्याकडूनच कळलं. मोठमोठ्या मशिनी कंपन्यांनी कुठंतरी दूर लावून ठेवलेल्या असतात, आपण लागतील तेवढ्या भाड्यानं वापरायच्या. त्यात एक प्रकरण होतं, कोणती जबाबदारी मशीनवाल्याची आणि कोणती भाडेकऱ्याची. मी भाकरी थापत ऐकत होतो, बोलून गेलो, "त्यात काय हाय? बस महामंडळाची, सामान प्रवाशाचं. गाडीत लिहेलच असते, आपल्या सामानाची काळजी आपन घ्यावी." तिनं पुस्तकातून मान वर केली. म्हणाली, "बरोबर हाय. पन मधात कायले बोलता?" गर्दी वाढली की मशिनी आपोआप वाढतात, गर्दी ओसरली की कमी होतात, हेही होतं. मी म्हटलं, यात्रेच्या जादा गाड्या. दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट ती फोनवर मैत्रिणीला स्वतःची म्हणून सांगत होती.

हे सगळं मला ऐकू यायचं, कारण ती मोठ्यानं वाचायची. सकाळी उठली की खणखणीत आवाजात सुरू. शेजारच्या गोजराबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण त्यासुद्धा म्हणायच्या, आज पोरीचं वाचन लवकर सुटलं वाटते.

आमच्यात वाचणं म्हणजे मोठ्यानंच वाचणं. माझ्या बापाच्या पिढीत अक्षर येणारा सगळ्या वस्तीत एखादाच. तो वाचायचा, बाकीचे भोवती बसायचे. जो वाचतो त्यानं सगळ्यांसाठी वाचायचं, हे कोणी शिकवावं लागलं नाही. अजूनही वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. किन्हीराजाच्या विहारात धम्मदीपा तिसरीत असल्यापासून वाचत आली. अडखळायची, पुन्हा वाचायची, पण आवाज खाली येऊ द्यायची नाही. मागं बसलेल्या म्हाताऱ्या ओरडायच्या ना, ऐकू नाही येऊन राह्यलं म्हणून. घरी अभ्यास करताना चुकून तोंड मिटलं की बेबी चुलीपासून हाक मारायची, "मनातल्या मनात वाचनं म्हंजे दाराआड बसून एकट्यानं खानं. मोठ्यानं वाच." बेबीला वाचता येत नाही. लेकीच्या दहावीचा इतिहास तिला पाठ होता.

रिसोडला आल्यावर तिनं मेन रोडवरचा राजूचा क्लास लावला. राजू म्हणजे इथल्या एका बड्या शेतकऱ्याचा, रामरावांचा मुलगा. घरची भरपूर जमीन, सोयाबीनचं गोडाऊन, आणि गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर हा क्लास. राजू शिकवत काहीच नाही. परीक्षेतले प्रश्न कुठून तरी उचलून आणतो, उत्तरांसकट पोरांना देतो आणि पाठ करायला लावतो. पोरं पहिले चार शब्द पाहून उत्तर ओळखतात. प्रश्न वाचायची गरजच पडत नाही. अशी पोरं पास होतात आणि राजू पेढे वाटतो.

धम्मदीपानं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हे प्रश्न कुठून आनले?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, हे उत्तर चुकलं हाय." राजू रागावला नाही. असली माणसं रागावत नाहीत, हसतात. हसत म्हणाला, "ताई, क्लाउडमध्ये आरक्षण नसते. इथं पाठ करा लागते."

वर्ग हसला. धम्मदीपा उठली. "आरक्षन नाई म्हनूनच मी आली होती. इथं चोरी हाय हे म्हाईत असतं तं आली नसती." आणि क्लास सोडून घरी आली.

मी चप्पल घालून निघालोच होतो. माझं वय झालं असलं तरी गोडाऊनचा जिना चढण्याइतकी ताकद आहे. तिनं दारात आडवा हात धरला. "तुमी बसा. त्याले मी पास होऊन दाखवते." मी बसलो, पण त्या दिवसापासून राजूच्या क्लासखालून जायची वेळ आली की मी रस्ता बदलायचो. ते तोंड पाहायला नको म्हणून.

परीक्षा घरी बसूनच द्यायची होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कोणीतरी दूर बसून पाहत राहणार. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, टेबलावर कागदाचा तुकडा नको. आम्ही खोली अशी रिकामी केली की चोरांनाही दया यावी. कॅलेंडर उतरवलं, पेटी बाहेर काढली, गादी गुंडाळली. भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब मात्र तिनं हलू दिले नाहीत. पाहणाऱ्यानं विचारलं, भिंतीवर काय आहे. तिनं लिहून कळवलं, फोटो आहेत, त्यांच्यावर उत्तरं लिहिलेली नाहीत. मग परीक्षा सुरू झाली.

बेबी खास किन्हीराजाहून आली होती, पहाऱ्याला. ती दाराबाहेरच्या ओट्यावर बसली आणि मी गल्लीच्या तोंडाशी. भंगारवाल्याला मी परत लावलं. दोन घरांचे कुकर बंद ठेवायला लावले. गोजराबाई न विचारता सरळ घरात शिरतात, त्यांना बेबीनं हाताला धरून शेजारी बसवून घेतलं. बाहेरचा एकही आवाज आत जाऊ दिला नाही. एवढी शहाणी माणसं आम्ही.

वेळ संपायला बराच अवकाश असताना आतून कडी निघाली. मला वाटलं लाईट गेली. धम्मदीपा दारात उभी होती, तोंड पांढरं पडलेलं.

"मले काढलं, मामा."

"कोनं काढलं? काहून?"

"माह्ये ओठ हालून राह्यले होते."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. आधी पडद्यावर सूचना आली, मोठ्यानं वाचू नका. तिनं आवाज बंद केला. मग आली, ओठ हलवू नका. तिनं ओठ दाबले. "पन प्रश्न लांब आला का मले मालूमच नाई पडे. मी तं वाचून राह्यली होती फकत." तिसऱ्या वेळी सूचना आलीच नाही, परीक्षा बंद झाली. म्हणे, खोलीत लपलेल्या कोणाला तरी ती प्रश्न सांगत असावी.

लपलेलं कोण? गोजराबाई? आपलेच दात, आपलेच ओठ, दुसऱ्याला बोलायचीही सोय नाही. त्याच आठवड्यात राजूच्या क्लासची पोरं त्याच परीक्षेला बसली आणि पास झाली. त्यांचे ओठ हलले नाहीत. हलतील कशाला, वाचायचं होतं कोणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी त्या दिवशी त्या परीक्षावाल्यांना, त्यांच्या कॅमेऱ्याला आणि त्यामागं बसलेल्या माणसाला जे बोललो ते बेबीनं कानावर हात ठेवून ऐकलं.

धम्मदीपानं दाद मागितली. उत्तर आलं, नियमभंग झाला आहे, निर्णय बदलणार नाही, तुम्हाला शुभेच्छा. शुभेच्छांचा मला विशेष राग आला. पुण्याच्या कंपनीतली बाई फोनवर गोड बोलली. तुमची अडचण समजते, पण मुदत तीच राहील. अकोल्याला केंद्रावर जाऊन परीक्षा देता येते असं कळलं, तर तिथं दिवाळीपर्यंत जागा नाही. म्हणजे पुन्हा घरीच, पुन्हा त्याच कॅमेऱ्यासमोर, आणि या वेळी ओठ हलले की नोकरी गेली. दुसऱ्या खेपेची फी मी भरली, त्याचं काही नाही.

मग माझ्या घरात तोंड बंद करायची शाळा सुरू झाली. मी कडुनिंबाची काडी आणली. म्हटलं, ही दातात धर आणि वाच, काडी हलली की मी सांगीन. ती वाचायला बसली की मी समोर बसून तिच्या ओठांवर नजर ठेवायचो. आयुष्यभर विनातिकीट माणसं पकडली, ओठ पकडायला काय लागतं. दर दोन ओळींना काडी हलायची, मी म्हणायचो, "हालली." ती म्हणायची, "तुमची नजर हालली." एखाद वेळी काडी न हलता पान संपायचं. मी विचारायचो, काय वाचलं? तिला एक शब्द सांगता यायचा नाही.

"डोये वाचतात मामा, डोक्यात काईच जात नाई. कानानं आयकल्याबिगर मले समजतच नाई."

बेबी दर बाजाराला यायची आणि माझ्याशी भांडून जायची. "दादा, माह्या लेकीले मुकी करून राह्यले तुमी." मी म्हणायचो, मुकी होऊन पुण्याला गेली तर तुलाच बरं वाटेल. त्यावर ती डबा आपटून ठेवायची.

खरा स्फोट झाला तो विहारावरून. वर्षावास चालूच होता. आमच्या इथल्या विहारातही संध्याकाळचं वाचन आता तीच करायची. मला वाटलं, दिवसभर काडी धरायची आणि संध्याकाळी तासभर मोठ्यानं वाचायचं, मग सवय मोडणार कशी? म्हटलं, "परीक्षा होईस्तोवर विहारातलं वाचन सोड. दुसरं कोनी वाचन."

तिनं काडी माझ्या अंगावर फेकली. "विहारात मी वाचीनच. परीक्षेसाठी तोंड बंद करा लागत असन तं नोकरी गेली खड्ड्यात."

"तुह्या बापाले जाऊन सांग, नोकरी खड्ड्यात गेली म्हनून."

"सांगीन. माह्या बापानं वाचाले शिकवलं मले, गप बसाले नाई."

मग काही दिवस आम्ही बोललो नाही. भाकरीच्या पाळ्या मात्र चुकल्या नाहीत. तिच्या पाळीला माझ्या ताटात मिरची जास्त यायची आणि मी ती मुकाट्यानं खायचो. संध्याकाळी ती विहारात जाऊन पूर्वीसारखीच खड्या आवाजात वाचायची आणि मी मागं बसून ऐकायचो. राग आपल्या जागी. तिथं उठून गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं.

तोड तिनंच काढली, मला न सांगता. एकदा मी पाहिलं, ती तोंड मिटून वाचत होती. ओठ अगदी स्वस्थ, काडी नाही, काही नाही. मी खाली वाकलो तर टेबलाखाली पायाचा अंगठा चालू. शब्दागणिक अंगठा फरशीवर दाबत होती, स्वल्पविरामाला थांबत होती. ओठांचं काम तिनं अंगठ्याला लावलं होतं. कॅमेऱ्याला टेबलाखालचं दिसत नाही. मी विचारलं, काय वाचलं? तिनं पानभर सांगितलं, आणि वरून विचारलं, "झालं समाधान?" झालं होतं, पण मी तसं म्हटलं नाही.

परीक्षा आश्विन पौर्णिमेनंतर झाली. पुन्हा बेबी ओट्यावर, मी गल्लीच्या तोंडाशी. या वेळी भंगारवाला आपणहून दुसऱ्या गल्लीनं गेला. आतून आवाज नाही. बेबीला तोच नाद लागला, "काईच आयकू येऊन नाई राह्यलं दादा, बरी असन ना?" पूर्ण वेळ संपल्यावर कडी निघाली. धम्मदीपाचा अंगठा लाल झाला होता आणि ती लंगडत बाहेर आली.

"झाली," म्हणाली.

"काय झाली?"

"पास."

बेबी रडली आणि रडता रडताच तिला रागावली, मग मोठ्यानं सांगता येत नाही का म्हणून. कंपनीचं पत्रही आलं. दिवाळीनंतर रुजू व्हा. जानरावांनी शेतातूनच फोन केला, सोयाबीन काढायचं चाललं होतं. फोनवर ते नुसते "हो, हो" करत राहिले. मला फार बरं वाटलं. गेले कित्येक महिने मी इतका बरा नव्हतो.

ते बरं वाटणं मोजून आठवडाभर टिकलं. तिला किन्हीराजाला न्यायला बेबी आली होती, म्हणून आम्ही तिघं बसस्टँडकडे निघालो. मेन रोडच्या चौकात राजूच्या क्लासचा नवा फलक लागला होता, दुकानाच्या छपराएवढा मोठा. यशाची परंपरा कायम. खाली पास झालेल्या पोरांचे फोटो. सगळ्यात वर, सगळ्यात मोठा फोटो आमच्या धम्मदीपाचा, क्लासच्या फॉर्मवर लावलेला तोच. दोन दिवस क्लासला गेली होती, तेवढ्यावर. आणि फोटोखाली लिहिलेलं, कु. दीपा जे. पी.

मला एकदम समजलं आणि माझं डोकं फिरलं. त्याला तिचा निकाल हवा होता, नाव नको होतं. धम्मदीपा म्हटलं की घर कळतं आणि पट्टेबहादूर हे आडनाव म्हटलं की उरलेलंही कळतं. मग ज्यांच्या पोरांची फी त्याला हवी आहे ती माणसं नाक मुरडतील. म्हणून पुढचं छाटलं, मागचं छाटलं, आणि मधली दीपा तेवढी ठेवली. वर त्याला वाटलं असेल की मोठा फोटो लावला, खूश होतील.

बेबी फोटो पाहून हरखली होती. "हे तं आपली धम्मी हाय. काय लिहेल हाय वं तिथं? वाच बरं."

धम्मदीपानं बॅग खाली ठेवली आणि वाचायला लागली. विहारात वाचते तसं, मागच्या ओळीपर्यंत पोचेल असं. क्लासचं नाव वाचलं, यशाची परंपरा वाचली, एकेका पोराचं नाव वाचलं. शेवटी स्वतःच्या फोटोकडे बोट करून वाचलं, "कुमारी धम्मदीपा जानराव पट्टेबहादूर. राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम." आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चहाच्या टपरीवरची माणसं वळली. जीपवाले खाली उतरले. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा राजू जिना उतरून आला.

"ताई, वरडता कायले? चांगलंच तं केलं. सगळ्याइच्या वर लावला फोटो."

"हे दीपा कोन हाय?"

"तुमीच ना. नाव लंबं होतं, बसत नव्हतं."

तिनं खालच्या ओळीतल्या एका पोराच्या नावाकडे बोट दाखवलं. "अमरसिंगचं बसलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट."

राजू हसला नाही. आजूबाजूला पाहत हळूच म्हणाला, "बरं, उतरवतो. झालं?"

आतापर्यंत तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"उतरवू नको. पुरं लिही."

तिची गाडी लागली होती. मी बॅग उचलली, ती पुढे आणि बेबी तिच्या मागं. बेबी मला सारखी विचारत होती, काय झालं दादा, नाव चुकलं का? मी म्हटलं, चुकलं नाही, चुकवलं.

संध्याकाळी मी चौकात गेलो तेव्हा फलक उतरवलेला होता. मी रोज जात राहिलो. पुढच्या आठवड्यात त्याच जागी नवा लागला, तेवढाच मोठा. मी खाली उभा राहून वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला. अमरसिंग होता, बाकीची सगळी पोरं होती. धम्मदीपाच्या फोटोच्या जागी राजूनं स्वतःचा फोटो लावला होता.